शेडमधला उत्तरेचा उजेड

माझा स्टुडिओ इचलकरंजीत, एका जुन्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आहे. येथे पूर्वी आठ माग चालत होते. आता मागांचे पाय ज्यांवर बसवलेले होते ते सिमेंटचे ठोकळे तेवढे जमिनीत उरले आहेत, आणि त्यांतल्या दोन ठोकळ्यांवर फळी टाकून मी रंगांचे डबे, रोलर आणि पट्ट्या मांडून ठेवते. छपराच्या उत्तरेकडच्या उतारात तीन ठिकाणी पत्र्याऐवजी काचा आहेत, आणि खरे तर त्या काचांसाठीच मी ही जागा भाड्याने घेतली. मागावर काम करणाऱ्याला तुटलेला धागा लगेच दिसला पाहिजे, पण ऊन थेट कापडावर पडून डोळे दिपता कामा नयेत, म्हणून कापड गिरण्यांच्या छपरांना उत्तरेकडे काचा ठेवण्याची पद्धत पडली. चित्रकारांनाही नेमका हाच उजेड हवा असतो, कारण दिवसभरात तो फारसा बदलत नाही आणि सकाळी मिसळलेला रंग दुपारी परका वाटत नाही. आपल्या अक्षांशावर मात्र एक अडचण येतेच. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आमच्याकडे भरदुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि पावसाचे ढग येईपर्यंत त्या काचांमधून उन्हाचे तीन चौकोन थेट जमिनीवर उतरतात. त्या दिवसांत मी काचांखाली मांजरपाट ताणून बांधते. त्यातून गाळून येणारा उजेड किंचित पिवळसर असतो, त्यामुळे उन्हाळ्यात मिसळलेल्या निळ्या रंगावर मी कधीच पूर्ण विश्वास ठेवत नाही.

मी अमूर्त चित्रे काढते, आणि स्टुडिओत येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा पहिला प्रश्न विचारतो तो 'हे नेमके काय आहे?' असा. त्या प्रश्नाचा मला कधीच राग येत नाही. बघणाऱ्याला ओळखीचे काहीतरी हाताशी हवे असते आणि ते मागण्याचा त्याला हक्क आहे. पण या प्रश्नाचे खरे उत्तर देता येत नाही, याची रुखरुख मला बरीच वर्षे होती. शेजारच्या शेडमध्ये आजही माग चालतात. तिथले एक वयस्क कामगार, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, पाळी संपल्यावर एकदा पाणी प्यायला आत आले आणि भिंतीवरच्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी विचारले, "ताई, ह्याला किती दिवस लागलं?" मी म्हटले, "पाच महिने, मामा." त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "दिसतंय. लई येळा हात फिरलाय ह्याच्यावरनं." माझ्या चित्रांबद्दल आजवर जे काही बोलले किंवा लिहिले गेले आहे, त्यात इतके नेमके मला क्वचितच ऐकायला मिळाले आहे. अमूर्त चित्राला विषय नसेल, पण त्याला मूळ असते, आणि माझ्या चित्रांचे मूळ हात फिरण्यात आहे, हे मला त्या दिवशी नीट उमगले.

हे हात मी लहानपणापासून पाहत आले. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातार यांनी 1904 मध्ये बसवला, आणि त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत हे गाव मागाभोवतीच वाढले. आमचे आण्णा वहिफणी कामगार होते. या कामाचे नाव गावाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते, म्हणून ते जरा सविस्तर सांगते. सायझिंगमधून खळ दिलेल्या सुताचा बीम मागावर येतो तेव्हा त्यावर दोन-तीन हजार, कधी त्याहूनही अधिक उभे धागे गुंडाळलेले असतात. त्यांतला प्रत्येक धागा ठरलेल्या क्रमाने आधी वहीच्या, म्हणजे धागे वर-खाली उचलणाऱ्या चौकटीतल्या तारेच्या, डोळ्यातून आणि मग फणीच्या, म्हणजे धागे सारख्या अंतरावर ठेवणाऱ्या कंगव्यासारख्या पट्टीच्या, घरातून ओवावा लागतो. जुन्या बीमचेच कापड पुढे काढायचे असेल, तर जुन्या धाग्याचे टोक नव्या धाग्याच्या टोकाशी, एकेक करून, बोटांनी पीळ देत सांधायचे असते. आण्णा बोटांना राख लावून मागाच्या पाठीमागे वाकून बसत, आणि त्यांची तर्जनी व अंगठा इतक्या सारख्या वेगाने हलत की काही वेळाने बोटे दिसायचीच बंद होऊन फक्त एक हालचाल दिसत राही. मधला एक धागा चुकला तर पूर्ण लांबीच्या कापडावर उभी रेघ उमटते. ती रेघ कापड तपासून घडी घालणाऱ्या घडीवाल्याला दिसते, आणि मग वाद होतो. आई त्याच शेडमध्ये कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या आडव्या सुताच्या नळ्या, भरायची. रंगीत सुताच्या कांड्या टोपलीत पडत तेव्हा लाल आणि पिवळ्याच्या मध्ये मळकट पांढरी कांडी आली की दोन्ही रंग शांत होतात, हे मी तिच्या टोपलीत पाहिले. रंगसंगतीचा माझा पहिला धडा तोच आहे, आणि तो मला अजून पुरतो आहे.

पुढे कोल्हापूरला शिकायला गेले. कोल्हापूरच्या चित्रपरंपरेत निसर्गचित्र आणि व्यक्तिचित्र यांना फार मोठा मान आहे. आबालाल रहमान यांनी कोटितीर्थ आणि रंकाळ्याच्या परिसरात जे पाहिले आणि रंगवले, त्याचा आदर आजही तेथील प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात असतो. मीही पंचगंगेच्या घाटावर पहाटे जाऊन जलरंगात पाणी रंगवायला शिकले. तो काळ वाया गेला असे मला कधीच वाटले नाही, कारण ज्याला पाण्यावरचा उजेड सपाट कागदावर उतरवता येत नाही त्याने पाणी सोडून देण्यात काही अर्थ नसतो. मात्र घाटावर बसले असताना माझी नजर देवळांवर किंवा होड्यांवर न थांबता घाटाच्या दगडावर पाण्याने ठेवलेल्या शेवाळी पट्ट्यांवर थांबायची. शिक्षकांच्या ते लक्षात आले होते, आणि त्यांनी मला कधी अडवले नाही.

मी सकाळी सातला शेड उघडते. पहिला तासभर रंगाला हात लावत नाही. दाराजवळ एक लाकडी स्टूल आहे, त्यावर बसून आदल्या दिवशीचे चित्र पाहते. रात्री थकलेल्या डोळ्यांना जे पूर्ण वाटले होते ते सकाळी बहुधा तसे नसते, आणि जे बिघडले म्हणून हळहळत घरी गेलेली असते त्यात सकाळी काहीतरी वेगळेच जागे झालेले असते. शेजारचे माग तोवर सुरू झालेले असतात. साधा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा धोटा फेकतो, आणि असे पंधरा-वीस माग एकाच वेळी चालू असले की त्यातला एकही आवाज वेगळा ऐकू येत नाही. बाहेरून येणाऱ्यांना तो खडखडाट असह्य वाटतो. मला त्यातच शांतता मिळते, कारण त्यात एकही शब्द नसतो. वीज गेली की माग एकदम थांबतात, आणि ती अचानक आलेली शांतताच मला दचकवते. त्या वेळी मी बहुधा हातातले काम ठेवून बाहेर येते.

माझा कॅनव्हास मी स्वतः तयार करते. व्यापाऱ्याकडून जाड सुती कापड, कोरे, न धुतलेले आणते, ते पाण्यातून काढून त्याची खळ घालवते, सावलीत वाळवते आणि मग लाकडी चौकटीवर ताणते. ताणताना उभा आणि आडवा धागा चौकटीच्या कडांशी समांतर राहिला पाहिजे. तो तिरका गेला तर पुढे पाचसहा महिन्यांनी कोपऱ्यात सुरकुती येते आणि ती कोणत्याही उपायाने जात नाही. मागावर जाण्याआधी सुताला खळ देतात ती धागा घासून तुटू नये म्हणून, आणि चित्रकारही कॅनव्हासला आधी सरस किंवा प्रायमर देतो. तैलरंगातले जवसाचे तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेते, आणि ते थेट सुतात मुरले तर काही वर्षांत कापड ठिसूळ होते; म्हणून तेल आणि सूत यांच्यामध्ये एक पडदा लागतो. मी आता बहुतेक काम ॲक्रिलिकमध्ये करते, आणि ॲक्रिलिकला या पडद्याची तितकी गरज नसते, तरीही मी जेसोचे, म्हणजे पांढऱ्या प्रायमरचे, तीन हात देते आणि प्रत्येक हातानंतर पॉलिश पेपरने घासते. तिसरा हात घासून झाला की कॅनव्हासवरून तळवा फिरवते. सुताची वीण तळव्याला लागली पाहिजे, पण डोळ्यांना दिसता कामा नये, इतका तो थर मला हवा असतो.

त्यानंतरचे काम म्हणजे थर देणे आणि थर काढणे. रंग पातळ करून रोलरने पसरते, तो अर्धा वाळला की भिंतीला लांबी भरायच्या पत्र्याच्या पट्टीने ओढून काढते, आणि जे उरते त्यावर दुसरा रंग जातो. काढताना पट्टी ज्या कोनात धरलेली असते त्यावर सगळे अवलंबून असते. पट्टी उभी धरली तर रंग संपूर्ण निघतो आणि खालचा थर उघडा पडतो, आणि ती जवळजवळ आडवी ठेवून हलक्या हाताने ओढली तर वरचा रंग सुताच्या उंचवट्यांवरून निघतो पण खोलगट जागी राहतो, आणि मग जवळ जाऊन पाहिले असता प्रत्येक छेदावर एक बारीक ठिपका उरलेला दिसतो. दुरून पाहणाऱ्याला तिथे धुके असल्यासारखे वाटते. एका चित्रावर असे दहा-बारा थर सहज होतात, कधी वीसही. अगदी तळाचा रंग शेवटी बोटभर जागेतच दिसतो. तरीही तो तिथे असावा लागतो, कारण तळाला गेरू असेल तर वरचा करडा रंग ऊबदार दिसतो आणि तळाला निळा असेल तर तोच करडा रंग मागे सरकतो. हे मी कोणत्याही पुस्तकातून शिकले नाही, चित्रे बिघडवूनच शिकले.

येथे एका चुकीबद्दल सांगितले पाहिजे, कारण प्रेरणेविषयी बोलताना आपण फार सहज बोलतो. शेड घेतल्यावर सुरुवातीला मला वाटले की मागाशी असलेले माझे नाते चित्रात उघड दिसले पाहिजे. मी भंगारातून जुन्या पोलादी फण्या आणल्या, आणि ओल्या रंगावरून फणीचा तुकडा ओढला की शेकडो समांतर रेघा एका झटक्यात उमटतात, हे पाहून मी अक्षरशः हरखून गेले. बारीक फणीची घरे रंगाने लगेच बुजतात, म्हणून मी जाड सुताच्या, मोकळ्या घरांच्या फण्या शोधून काढल्या. वर्षभर मी तशीच चित्रे केली आणि लोकांना ती आवडलीही, कारण आता प्रत्येकाला 'हे काय आहे' याचे उत्तर मिळत होते: हे मागाचे चित्र आहे. पण सकाळी स्टुलावर बसून पाहताना त्या चित्रांत मला दुसऱ्या मिनिटाला बघण्यासारखे काही उरत नसे. आण्णांच्या बोटांनी एकेक धागा उचलण्यात जी सावधगिरी होती, ती एका झटक्यात ओढलेल्या तीनशे रेघांत कुठेच नव्हती. त्या चित्रांपैकी बहुतेकांवर मी पुन्हा जेसो फिरवला. फण्या अजून भिंतीला टेकून उभ्या आहेत. मी त्या पाहते, वापरत नाही.

वासुदेव गायतोंडे यांच्याकडे मी वळले ते याच काळात, म्हणजे खऱ्या अर्थाने वळले. त्यांचे चित्र पहिल्यांदा पाहिले होते विद्यार्थिदशेत, मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कलादालनात, आणि तेव्हा मी त्यापुढे फार तर पाच मिनिटे थांबले असेन. 1924 मध्ये नागपुरात जन्मलेले, मूळ गोव्याकडचे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून 1948 मध्ये बाहेर पडलेले हे चित्रकार आधी मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमधल्या स्टुडिओत काम करत. त्या एकाच वास्तूत चित्रकार, नाटकवाले आणि संगीतकार शेजारीशेजारी वावरत होते आणि समोर समुद्र होता. 1964 मध्ये ते रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, 1972 मध्ये दिल्लीला स्थायिक झाले आणि निजामुद्दीनमधल्या एका लहानशा जागेत एकटे राहून रंगवत राहिले. ब्रश बाजूला ठेवून रोलर आणि पॅलेट नाईफने रंगाचे थर चढवणे आणि उतरवणे, कागदाच्या फाडलेल्या तुकड्यांनी रंग कॅनव्हासवर ठेवणे, ही त्यांची पद्धत. आपल्या चित्रांना ते 'अमूर्त' म्हणत नसत. वस्तूशी संबंधच नसलेली, या अर्थाचा दुसरा शब्द त्यांना जवळचा होता. झेन विचारांचा, निसर्गदत्त महाराजांच्या आणि जे. कृष्णमूर्तींच्या शिकवणीचा त्यांच्यावर प्रभाव होता, हे सर्वांना ठाऊक आहे.

मला मात्र त्यांच्या तत्त्वविचारापेक्षा त्यांच्या संख्येने अधिक शिकवले. वर्षाला मोजकीच, पाचसहा चित्रे. त्यांची काम करण्याची पद्धत पाहिली तर प्रत्यक्ष रंग लावण्याचा वेळ फार नसावा, मग उरलेले सगळे दिवस त्या खोलीत काय होत असेल, हा प्रश्न मला बरेच महिने सोडेना. मी आळशी नाही, आमच्या घरात कोणालाच ते परवडण्यासारखे नव्हते. दिवसाचे बारा तास माग चालवणाऱ्यांच्या गावात नुसते बसून चित्राकडे पाहणे हे मला काम वाटत नसे, आणि म्हणूनच मी भराभर रंगवत होते. गायतोंडे यांच्यामुळे ते बसणे मी कामात धरायला लागले. 1984 मध्ये त्यांना अपघात झाला आणि त्यानंतर काही वर्षे मोठे कॅनव्हास करणे शक्य झाले नाही, तेव्हा त्यांनी कागदावर शाईने लहान लहान चित्रे केली. अक्षरांसारखी दिसणारी, पण कोणत्याही लिपीत न बसणारी. माझी पाठ दुखायला लागली की मी ती चित्रे आठवते आणि चित्रकलेच्या वहीच्या कागदावर काम करते.

दुसरा आधार मला अनपेक्षित जागी सापडला. प्रभाकर बरवे आणि अंबादास, हे आपल्याकडचे दोन मोठे चित्रकार, विणकर सेवा केंद्रांत नोकरी करत होते. हातमागासाठी नवे आकृतिबंध तयार करण्याचे ते सरकारी काम होते. अलिबागजवळच्या नागावचे बरवे तर या नोकरीतच काही वर्षे बनारसला होते. अकोल्याचे अंबादास पुढे नॉर्वेत स्थायिक झाले आणि 2012 मध्ये ऑस्लोत वारले; त्यांच्या चित्रांतले लांबच लांब वळसे घेणारे, एकमेकांत न मिसळता शेजारून वाहणारे रंगांचे पट्टे मी पाहते तेव्हा मला प्रवाह दिसतात, आणि क्षणभर रंगाच्या हौदातून बाहेर येणाऱ्या सुताच्या लडीही दिसतात. हा माझा गावठी डोळा असेल, पण तो मी सोडणार नाही. आणि नसरीन मोहमदी. कराचीत जन्म, लंडन-पॅरिसला शिक्षण, भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये काही काळ, 1972 पासून बडोद्यात अध्यापन, आणि 1990 मध्ये अलिबागजवळच्या किहीमला मृत्यू. शाई, पेन्सिल आणि आलेखनाची साधने घेऊन त्यांनी कागदावर ज्या रेघा काढल्या त्यांत एकही रेघ मोजणीशिवाय आलेली नाही, आणि तरीही त्या रेघा श्वास घेतात. शरीर हळूहळू साथ सोडत असताना त्यांचा हात इतका स्थिर राहिला, हे मला अजून पूर्णपणे समजलेले नाही. त्यांनी काढलेल्या छायाचित्रांत मागावर ताणलेल्या धाग्यांचेही एक छायाचित्र आहे. ते मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आण्णांची आठवण आली, आणि फणी ओढून मी काय गमावले होते तेही दिसले: त्या छायाचित्रात प्रत्येक धागा वेगळा आहे.

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचे पाणी आमच्या शेडमध्ये शिरले. चित्रे आम्ही दोन दिवस आधीच नातेवाइकांकडे हलवली होती, पण शेजारचे माग कोण उचलणार? पाणी ओसरल्यावर मोटारी उघडून त्यातला गाळ काढताना मामांचा चेहरा मला आजही दिसतो. महिनाभर चित्र काढण्याचा विचारही मनात आला नाही. सगळी आळी गाळ उपसत होती आणि मीही त्यांच्यात होते. भिंत धुवायची तेवढी राहिली. पाणी एकदम उतरले नव्हते. ते थोडे उतरायचे, काही तास थांबायचे, पुन्हा उतरायचे, आणि जिथे जिथे थांबले तिथे त्याने चुन्याच्या भिंतीवर गाळाची एक आडवी रेघ ठेवली होती. सर्वांत वरची रेघ माझ्या छातीइतक्या उंचीवर होती, पुसटशी, चहाच्या डागासारखी. खाली येताना रेघा दाट होत गेल्या होत्या आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर नुसता काळपट पोत होता, ज्यात रेघ वेगळी काढताच येत नव्हती.

ती भिंत सुंदर होती. हे वाक्य लिहायला मला पाच वर्षे लागली, कारण त्याच पाण्याने ज्यांचे संसार वाहून नेले ती माणसे माझ्या दारात उभी होती. भिंत न धुता ठेवायची की नाही, हे मी मामांनाच विचारले. ते म्हणाले, "राहू द्या की. आमच्या मागच्या भिंतीवर बी हाय." त्या भिंतीकडे मी दीड वर्ष नुसती पाहत राहिले. मग 2021 च्या सुरुवातीला पाच फूट उंचीचा एक कॅनव्हास घेतला आणि पहिल्यांदाच तो वरून खाली, एका बाजूने, थांबत थांबत रंगवला. रोज एकच पट्टा, हाताच्या तळव्याएवढ्या रुंदीचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खालच्या कडेवर नवा पट्टा थोडा चढवून. भिंतीचे चित्र मी काढत नव्हते, भिंतीवरचा एकही रंग त्यात नाही. पाण्याची थांबण्याची पद्धत मात्र मी घेतली. त्या वर्षी जुलैत पुन्हा पूर आला आणि भिंतीवर नव्या रेघा जुन्या रेघांवरून गेल्या. आता तिथे कोणत्या पुराची कोणती रेघ हे सांगता येत नाही.

त्या पद्धतीने पुढे केलेल्या मालिकेतली सहा चित्रे प्रदर्शनासाठी मे महिन्यात दुसऱ्या गावी पाठवली. बांधणी ज्यांच्याकडे सोपवली होती त्यांना मी कागद लिहून दिला होता की रंगलेल्या बाजूला प्लास्टिक लावू नये, आधी चिकट न होणारा कागद घालावा. ॲक्रिलिक वाळलेले दिसले तरी ते मुळात प्लास्टिकच्याच जातीचे असते आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत मऊ पडते. तरीही चित्रांच्या तोंडावर थेट फुगेवाला प्लास्टिकचा कागद गुंडाळला गेला, आणि ती दोन दिवस बंद टेम्पोत उन्हात राहिली. उलगडली तेव्हा दोन चित्रांवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गोल गोल ठसे उमटलेले होते, वाटाण्याएवढे, अत्यंत नियमित. मी बराच वेळ काहीच बोलले नाही. एका चित्राचे ठसे वरून तीन थर देऊन, घासून, पुन्हा देऊन बहुतांश भरून निघाले, पण ते आता दुसरेच चित्र झाले आहे आणि त्याची तारीख मी मागे बदलून लिहिली. दुसऱ्यावर हात फिरवायचे माझे धाडस झाले नाही, कारण त्याचा शेवटचा पट्टा ज्या दिवशी आला तो दिवस मला पुन्हा आणता येणार नव्हता. ते भिंतीकडे तोंड करून ठेवले आहे. चित्रांची बांधणी मी आता स्वतःच करते, मऊ सुती कापडात, आणि उन्हाळ्यात काहीच पाठवत नाही.

आण्णा आता क्वचित शेडमध्ये येतात. डोळे अधू झाले आहेत, तरी चित्र पाहण्याआधी ते त्याच्या पाठीमागे जातात आणि न रंगवलेले कापड दोन बोटांत धरून चोळतात. मागच्या महिन्यात आले तेव्हा खिशातून त्यांचे जुने भिंग काढले, ते कापडावर टेकवले आणि ओठ हलवत एका इंचात किती उभे धागे आहेत ते मोजले, मग आडवे मोजले, आणि ताण एका बाजूला जास्त आहे असे सांगितले. त्यांचे बरोबर होते. मी चौकटीच्या डाव्या बाजूचे खिळे काढून तो कॅनव्हास पुन्हा ताणला. काल त्याला जेसोचा दुसरा हात दिला आहे. हवेत ओल असल्यामुळे तो वाळायला उद्या दुपार होईल, मग घासायचा आणि तिसरा हात द्यायचा. तळाला या वेळी गेरू घालणार आहे.